बंदुकीचा परवाना आणि परवानेदाराचें वर्तन

ज्वारी हुरड्यावर आली, भुईमुगाच्या शेंगा भरल्या, मक्याच्या कणसांत दूध धरलें, कीं ज्याचें रान डोंगराला किंवा ओढ्याकांठच्या झुडपांना लागून आहे अशा शेतकऱ्याची झोंप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रींत जितकें खातो त्याच्या कितीतरी पट तुडवितो व उकरून टाकतो. कोंकणांत वानर-माकडें बागाइतावर हाच प्रसंग आणतात, आणि विदर्भांत रोही उभ्या हरभऱ्यांत शिरतात. अशा वेळीं माचाणावरील राखणदाराच्या हातांतील गोफणीचें व घरांतील बंदुकीचें मोल काय असतें, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कित्येक घराण्यांत शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक पिढ्यान् पिढ्या दागिन्याप्रमाणें जपली जाते, व दसऱ्यास तिची पूजा होते. म्हणून ती सरकारजमा होण्याचा प्रसंग आला म्हणजे पिकाची चिंता एकीकडे आणि चार गांवांत झालेला बोभाटा दुसरीकडे, असें दुहेरी संकट घरावर येतें.

परवाना रद्द होण्याच्या कारणांपैकीं एका कारणाविषयीं शेतकरीवर्गांत मोठा गैरसमज आहे. एखादा सुखवस्तु बागाइतदार तालुक्याच्या गांवीं मद्यपान करून मोटार हांकीत परत येतो. नाक्यावर पोलीस त्याच्या श्वासाची परीक्षा घेतात. न्यायालयांत दंड होतो. पुढें परवान्याची मुदत वाढवून घेण्यासाठीं तो अर्ज करतो, तों जिल्हादंडाधिकाऱ्यांची नोटीस येते कीं, आपला परवाना कां रद्द करूं नये याचें कारण दाखवावें. असा गृहस्थ चकित होतो. तो म्हणतो, ‘बंदूक घरीं कुलपांत होती. मीं ती कोणावर रोखली नाहीं, कीं बार काढला नाहीं. गाडीचा गुन्हा गाडीपुरता. त्याचा बंदुकीशीं संबंध काय?’ हा प्रश्न वाजवी आहे व त्याचें उत्तर टाळून चालणार नाहीं.

प्रथम परवाना म्हणजे काय तें पाहूं. लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत 1878 सालीं हत्यारांचा कायदा झाला, तेव्हां परवान्याच्या मुळाशीं प्रजेविषयींचा संशय होता, आणि त्या कायद्याच्या नियमांत गोऱ्या लोकांस सूट असल्यामुळें तो आपल्या लोकांस फार झोंबला. 1931 च्या कराची काँग्रेसनें नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही उल्लेख होता. स्वातंत्र्यानंतर 1959 सालीं नवा शस्त्र अधिनियम झाला व तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलांत आला. या कायद्यानें शेतकऱ्यास विशेष मानानें वागविलें आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणाकरितां ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना ‘द्यावा’, अशी 13 व्या कलमाची भाषा आहे. ठासणीची पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देतां येते. अर्जदारापाशीं पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, असेंही 14 व्या कलमांत स्पष्ट आहे. पिस्तुल मागणाऱ्या शहरी व्यापाऱ्यास कायद्यानें असा शब्द दिलेला नाहीं.

परंतु ज्या हातानें कायद्यानें हें दिलें, त्याच हातानें एक अटही घातली आहे. परवानेदार ‘कोणत्याही कारणास्तव’ परवान्यास अपात्र आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, किंवा सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता यांकरितां तसें आवश्यक वाटलें, तर 17 व्या कलमान्वयें परवाना निलंबित अथवा रद्द करतां येतो. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे दोन शब्द फार रुंद आहेत. त्यांत बंदुकीचें नांव नाहीं. बंदूक कशी वापरली एवढाच प्रश्न असता, तर पहिला अपघात होईपर्यंत परवाना रद्द करण्यास कारणच सांपडलें नसतें. कायदा विचारतो तो प्रश्न पुढचा आहे: हा मनुष्य उद्यां ती कशी वापरील?

आणि या ठिकाणीं गाडीचा व बंदुकीचा संबंध जुळतो. तो कोणा आधुनिक अधिकाऱ्यानें जुळविलेला नाहीं. इंग्लंडांत 1872 सालीं मद्यविक्रीसंबंधीं जो कायदा झाला, त्याच्या 12 व्या कलमांत एकाच वाक्यांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत: जो कोणी सार्वजनिक रस्त्यावर गाडी, घोडा, गुरें किंवा वाफेचें एंजिन ताब्यांत असतां नशेंत आढळेल, अथवा भरलेली बंदूक जवळ असतां नशेंत आढळेल, त्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. मोटार तेव्हां जन्मासही आली नव्हती. तरी त्या विधिकारांनीं बैलगाडीचा कासरा आणि बंदुकीचा चाप एकाच वाक्यांत बसविले. कारण दोन्ही ठिकाणीं वस्तूंत बळ आहे व तें आंवरणारी शुद्धि माणसांत असावी लागते. ज्यानें कधीं उधळलेली बैलजोडी आंवरली आहे, त्यास हें कलम वकिलाकडून समजून घेण्याची गरज पडूं नये.

त्याच देशांत 1991 सालीं इसेक्स परगण्यांतील एका प्रकरणांत हाच प्रश्न वरिष्ठ न्यायालयापुढें आला. दारू पिऊन मोटार हांकल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका गृहस्थाचें बंदुकीचें प्रमाणपत्र पोलिसप्रमुखानें रद्द केलें होतें. बेजबाबदारपणा बंदुकीच्या बाबतींतच घडला पाहिजे असें नाहीं, अन्य वर्तनांत दिसून आलेला बेफिकीरपणाही विचारांत घेतां येतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. आमच्या बागाइतदाराच्या प्रश्नास हें सरळ उत्तर आहे.

वर्तनाकडे डोळेझांक केल्यानें काय होतें, याचें उदाहरणही तेथलेंच आहे. 12 ऑगस्ट 2021 रोजीं प्लिमथ शहरांतील कीहॅम भागांत एका तरुणानें परवान्याच्या बंदुकीनें आपल्या आईसह पांच माणसांचा जीव घेतला व नंतर स्वतःचाही. मृतांत तीन वर्षांची एक मुलगी होती. पूर्वीं मारहाण केल्याच्या कारणावरून पोलिसांनीं त्याची बंदूक काढून घेतली होती, आणि या हत्याकांडापूर्वीं कांहीं आठवडेच ती त्यास परत दिली होती. मारहाण हातानें झाली होती, बंदुकीनें नव्हे. हेंच त्याच्या बाजूनें बोलतां आलें असतें. 2023 सालीं झालेल्या मरणान्वेषणांत तेथील पोलीस खात्याच्या गंभीर चुका उघड झाल्या. या प्रकरणांत दारूचा प्रश्न नव्हता. पण बंदुकीचा व ‘इतर’ वर्तनाचा संबंध काय, असें म्हणणाऱ्यानें हें एकवार वाचावें.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या 185 व्या कलमाप्रमाणें 100 मिलिलिटर रक्तांत 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला कीं गुन्हा झाला. मनुष्य तोल जाऊन पडला पाहिजे असें नाहीं. इंग्लंडांत 1967 सालीं ही मर्यादा प्रथम घातली गेली ती 80 ची होती, यावरून आपला कायदा किती कडक आहे तें दिसेल. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, व पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ट्रॅक्टर हें या कायद्यानें मोटार वाहनच होय. उसाच्या गळीत हंगामांत दोन ट्रेलर जोडून कारखान्याच्या वाटेनें जाणारा ट्रॅक्टर हें ‘आपलें शेतीचें औत’ आहे, अशी समजूत करून घेऊन कित्येकजण जी मोकळीक घेतात, ती कायद्यास ठाऊक नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत 1949 चा दारूबंदी अधिनियम अद्याप लागू आहे. मद्यपानास परवाना लागतो, आणि सार्वजनिक जागीं नशेंत गैरवर्तन करणें हा त्याच्या 85 व्या कलमाखालीं निराळा गुन्हा आहे.

रात्रीं घेतलेली सकाळीं उतरलेलीच असते, हा दुसरा भ्रम. शरीरांतील मद्यार्क काळजाच्या शक्तीप्रमाणें ठराविक वेगानेंच कमी होतो. सर्वसाधारण माणसांत दर ताशीं सुमारें 15 मिलिग्रॅम धरावा. लग्नाच्या वरातींत मध्यरात्रीं ज्याच्या रक्तांत 150 मिलिग्रॅम आहे, तो 30 वर येण्यास 120 मिलिग्रॅम कमी व्हावयास पाहिजे, म्हणजे आठ तास गेले पाहिजेत. सकाळीं सहा वाजतां दुधाच्या किटल्या घेऊन निघाला तर तो दुप्पट मर्यादेंत, म्हणजे 60 मिलिग्रॅमवर असतो. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनीं डोळे उघडतात. रक्तांतील अंश त्यानें हालत नाहीं. वरातीचा विषय निघालाच आहे तर हेंही येथेंच सांगतों कीं, लग्नांत, जत्रेंत वा मिरवणुकींत आनंदाचे बार काढणें हा 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पूर्वीं ही गोष्ट इभ्रतीची समजत असत.

तर मग एकदां दंड झाला कीं बंदूक गेलीच काय? आमच्या मतें नाहीं, व कायद्याच्याही मतें नाहीं. हिंसा किंवा नैतिक अधःपात ज्यांत आहे अशा अपराधाबद्दल ज्यास कैदेची शिक्षा झाली, त्यास शिक्षा संपल्यापासून पांच वर्षेंपर्यंत शस्त्र बाळगण्याची 9 व्या कलमान्वयें बंदी आहे. मोटारीच्या गुन्ह्यांत नुसता दंड भरणारा या बंदींत येत नाहीं. त्याच्या बाबतींत अधिकाऱ्यानें विचार करावयाचा आहे, व तो कारणें लिहून करावयाचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानें अनेक निर्णयांत असें म्हटलें आहे कीं, केवळ गुन्हा नोंदला गेला किंवा खटला चालू आहे एवढ्यावरून परवाना रद्द करतां येत नाहीं. शांततेस धोका कसा, हें दाखविलें पाहिजे. पोलीस ठाण्याचा दोन ओळींचा अहवाल यावा व तेवढ्यावर छापील हुकूम निघावा, ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दहा वर्षांपूर्वीं एकदां चुकलेला आणि तेव्हांपासून सरळ वागणारा शेतकरी, व दर बाजाराच्या दिवशीं झोंक खात घरीं येणारा शेतकरी, हे दोघे एका मापानें मोजले जाऊं नयेत.

मात्र दुसऱ्या प्रकारच्या माणसाची बाजू आम्ही घेणार नाहीं, मग तो आमचा सभासद असो. 2016 च्या शस्त्रनियमांत अर्जासोबत डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो, आणि अर्जदार मादक पदार्थांच्या आहारीं गेलेला नाहीं, असा स्पष्ट उल्लेख त्या दाखल्यांत हवा असतो. हा दाखला कोणत्या सहजपणानें मिळतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्या घरांतील स्त्रीस जर कोणी विचारलें, तर खरा दाखला तीच देऊं शकेल. नवऱ्याचा आवाज चढला कीं जिचें लक्ष प्रथम भिंतीवरच्या खुंटीकडे जातें, तिच्या दृष्टीनें ती बंदूक डुकरांसाठीं नसते. तिनें कधीं फिर्याद दिली तर पुष्कळ गांवांत पोलीस पाटलापासून भाऊबंदांपर्यंत सारे ती मिटविण्यास धांवतात. मिटवावी न मिटवावी हा त्यांचा प्रश्न. परंतु त्या घरांतली बंदूक त्याच दिवशीं ठाण्यांत जमा व्हावी, येवढें तरी त्या पंचांनीं करावें.

वर्तनाच्या सदरांत येणारी आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या फार जवळची आहे, ती म्हणजे बांधाचें भांडण. विहिरीची पाळी, बांध कोरणें, वहिवाटीची गाडीवाट यांवरून तंटा होतो आणि दोन्ही पक्षांवर शांतता राखण्याबद्दलची कारवाई होते, जिला खेड्यांत चॅप्टर केस म्हणतात. 1 जुलै 2024 पासून ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 126 व्या कलमाखालीं होते. ‘नुसता बाँड लिहून दिला, शिक्षा थोडीच झाली?’ असें म्हणून लोक ती विसरून जातात. पण शांततेबद्दल किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल मुचलका देण्याचा हुकूम ज्यास झाला, त्यास त्या मुचलक्याची मुदत संपेपर्यंत शस्त्र बाळगण्याची मनाई आहे. म्हणजे दारू पिऊन गाडी हांकणाऱ्यापेक्षां बांधावर हमरीतुमरीस येणाऱ्याची बंदूक कायद्यानें अधिक निश्चितपणें जाते. भांडणांत तोंडानें ‘बंदूक आणीन’ म्हटलेलें पंचनाम्यांत लिहिलें गेलें, तर त्याचें पुढें काय होतें तें सांगणें नलगे.

वारसाची गोष्टही येथें येते. परवानेदार सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानें पंचवीस वर्षें बंदूक बाळगली, तर ती हयातींतच वारसाच्या नांवें करून देण्याची सोय 2016 च्या नियमांत आहे. पण नवा परवाना मुलाचा, त्यामुळें चौकशी मुलाच्या वर्तनाची होते. बापानें चाळीस वर्षें निष्कलंक सांभाळलेली बंदूक मुलाच्या दोन रात्रींच्या मौजेमुळें घराबाहेर गेली, असें होऊं शकतें. आणि तोंवर मुलानें बापाच्या परवान्यावर ती शेतांत नेणें हाही गुन्हाच आहे. ज्याच्या नांवें परवाना नाहीं त्याच्या हातीं शस्त्र देणारा व घेणारा, दोघेही अडचणींत येतात.

अर्जांत व नूतनीकरणाच्या फॉर्मांत पूर्वीची शिक्षा, चालू खटले व मुचलके यांविषयीं प्रश्न असतात. तेथें कांहीं लपवूं नये. महत्त्वाची माहिती दडवून परवाना मिळविला, हें परवाना रद्द करण्याचें स्वतंत्र कारण आहे. जो दंड खरा सांगितल्यास कदाचित् क्षम्य ठरला असता, तो लपविल्यामुळें बंदूक घेऊन जातो. फॉर्म भरणाऱ्या दलालांचा सल्ला या बाबतींत उलट असतो. त्यांचें कांहीं जात नाहीं.

नोटीस आल्यास ती पेटींत ठेवूं नये. मुदतींत लेखी उत्तर द्यावें व समक्ष सुनावणी मागावी. उत्तरांत गुन्ह्याची तारीख, झालेली शिक्षा, त्यानंतरच्या काळांतलें वर्तन, शेताचा सात-बारा, व पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे पूर्वीं केलेल्या अर्जांच्या नकला जोडाव्या. मद्य सोडलें असल्यास व त्याकरितां उपचार घेतले असल्यास त्याचे कागद जोडण्यांत लाज मानूं नये. अधिकाऱ्यास विचार करण्यास तेच उपयोगी पडतात. प्रतिकूल हुकूम झाला तर त्याची नक्कल व कारणें मागून घ्यावीं. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावर विभागीय आयुक्तांकडे अपील चालतें व त्यास मुदत तीस दिवसांची आहे. त्यापुढें उच्च न्यायालय आहे, पण तेथील खर्च बंदुकीच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो.

जो स्वतःस ओळखतो, त्यास आणखी एक वाट आहे. परवानेदाराच्या स्वतःच्या अर्जावरूनही परवाना रद्द करतां येतो. व्यसन जडलें आहे व तें सुटत नाहीं असें ज्यास कळून चुकलें आहे, त्यानें नोटिशीची वाट न पाहतां असा अर्ज द्यावा, आणि घरांतील दुसऱ्या जबाबदार माणसानें शेतीसंरक्षणासाठीं आपल्या नांवें निराळा परवाना मागावा. अशानें पीक उघडें पडत नाहीं व अब्रूही राहते. परवाना हातीं असला तरी रानडुक्कर मारण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणें वनखात्याची परवानगी लागते, हें नव्या परवानेदारानें पहिल्या दिवशींच समजून घ्यावें.

परवाना रद्द अथवा निलंबित झाल्यावर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. शक्य असल्यास विक्रेत्याकडे द्यावी. भाडें पडतें, पण जपणूक बरी होते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची लांबी, काडतुसांची किंवा दारूची मोजदाद आणि दस्त्यावर भेग असल्यास तिचाही उल्लेख करून घ्यावा. ठाण्याच्या कोठडींत ओल असते; म्हणून नेण्यापूर्वीं नळी आंतून बाहेरून पुसून तेलाचा हात द्यावा, आणि अपिलाचा निकाल लांबला तर दर पावसाळ्यानंतर लेखी अर्ज करून ती पाहून यावी.